वाचकांचे प्रश्न : नाटोचे भागीदार देश – सहकार्य कुठवर, हमी कुठवर?

नाटो या लष्करी संघटनेचे सदस्य नसलेले, पण तिच्याशी संरक्षणविषयक सहकार्य करणारे देश नेमक्या कोणत्या नात्याने तिच्याशी जोडलेले असतात, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : भागीदार देशावर हल्ला झाला, तर नाटोने त्याच्या मदतीला जाणे बंधनकारक असते का? नसेल, तर या भागीदारीला अर्थ काय? (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी)

बंधनकारक नसते. आपल्या प्रश्नाचा पहिला भाग इतक्या थोडक्यात संपतो खरा, पण गेल्या तीस वर्षांतील पुष्कळ गैरसमज आणि काही शोकांतिका या एका गोष्टीकडे डोळेझाक केल्यामुळे घडल्या आहेत, म्हणून ती नीट समजून घेऊ.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या उत्तर अटलांटिक कराराच्या पाचव्या कलमानुसार, युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत एका सदस्यावर झालेला सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जातो. हे कलमही वाटते तितके यांत्रिक नाही. प्रत्येक सदस्याने ‘आपणास आवश्यक वाटेल ती कारवाई’ करावी, असे ते सांगते आणि त्या कारवाईत सशस्त्र बळाच्या वापराचा समावेश करते. अमुक इतके सैन्य पाठवलेच पाहिजे, असा दंडक त्यात नाही. आजवर ते एकदाच, ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर, लागू करण्यात आले. मात्र त्यामागे सामायिक सेनापती, आधीच आखलेल्या संरक्षण योजना आणि सदस्यांच्या भूमीवर तैनात असलेल्या मित्रदेशांच्या तुकड्या उभ्या असल्यामुळे त्या मोजक्या शब्दांना वजन प्राप्त होते.

भागीदारांसाठी असे कलम नाही. जानेवारी १९९४ मध्ये ब्रुसेल्सच्या शिखर परिषदेत ‘शांततेसाठी भागीदारी’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मूळ दस्तऐवजातील आठवा परिच्छेद एवढेच म्हणतो की, सक्रिय भागीदाराला आपल्या प्रादेशिक अखंडतेला, राजकीय स्वातंत्र्याला किंवा सुरक्षिततेला थेट धोका जाणवल्यास नाटो त्याच्याशी विचारविनिमय करील. हा विचारविनिमय प्रत्यक्षात किती दूर नेतो, ते ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जियाला कळले. रशियाशी युद्ध पेटले तेव्हा जॉर्जिया चौदा वर्षे भागीदार होता. नाटोने रशियाचा निषेध केला, रशियाबरोबरच्या नियमित बैठका काही काळ थांबवल्या, सप्टेंबरमध्ये नाटो-जॉर्जिया आयोग स्थापन केला. सैन्य पाठवले नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी ही रेषा आणखी ठळकपणे दिसली. रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले त्याच दिवशी पूर्वेकडील आठ सदस्य देशांनी चौथ्या कलमाखाली तातडीने सल्लामसलतीची मागणी केली, नाटोच्या संरक्षण योजना कार्यान्वित झाल्या आणि शीघ्र कृती दलाचे काही घटक सामूहिक संरक्षणासाठी प्रथमच हलवण्यात आले. ते हलवले गेले सदस्यांच्या भूमीवर. युक्रेनला शस्त्रे मिळाली, ती सदस्य देशांनी आपापल्या निर्णयाने दिली. एकाच युद्धाच्या एकाच आठवड्यात सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे नाटोचे वागणे इतके वेगळे होते. सदस्यत्व आणि भागीदारी यांतील अंतर याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

प्रश्न : मी संरक्षण सामग्रीच्या कारखान्यात नोकरी केली आहे. हमी मिळणार नसेल, तर एखादा देश नाटोच्या पद्धतींशी जुळवून घेण्यासाठी इतका खर्च का करतो? (एक निवृत्त अभियंता)

या प्रश्नातच भागीदारीचा खरा गाभा आहे आणि वृत्तपत्रांतून त्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते.

दोन देशांच्या सैन्यांना एकत्र काम करायचे असेल, तर राजकीय मैत्री ही केवळ सुरुवात असते. रेडिओची वारंवारता, संदेश सांकेतिक करण्याची पद्धत, नकाशावरील खुणा, तोफगोळ्याचा व्यास, विमानात इंधन भरण्याच्या नळीचे तोंड, जखमी सैनिकाला मागे नेण्याची कार्यपद्धती, अशा शेकडो गोष्टी जुळाव्या लागतात. यासाठी नाटोने प्रमाणीकरणाचे करार केलेले आहेत आणि भागीदारांना त्यांतील बरेचसे खुले आहेत. १९९५ पासून भागीदारांसाठी नियोजन आणि आढावा प्रक्रियाही चालू आहे. त्यात भागीदार देश आपल्या कोणत्या तुकड्या संयुक्त मोहिमांसाठी सज्ज ठेवणार ते ठरवतो, त्या तुकड्यांसाठी उद्दिष्टे निश्चित होतात आणि ठरावीक काळाने त्यांची तपासणी होते.

हे सारे कागदावर कितीही झाले, तरी प्रत्यक्षात काय अडते याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. नाटोच्या २०११ च्या लिबिया मोहिमेत स्वीडनने आठ ग्रिपेन लढाऊ विमाने टेहळणीसाठी सिसिली बेटावरील सिगोनेला तळावर पाठवली. स्वीडन तोवर सतरा वर्षे भागीदार होता. बाल्कन प्रदेशात आणि अफगाणिस्तानात त्याचे सैनिक नाटोच्या सेनापतींच्या हाताखाली काम करून आले होते. तरीही विमाने उतरली तेव्हा असे आढळले की, तळावर उपलब्ध असलेले इंधन अमेरिकी नौदलाच्या विमानांसाठीचे आहे आणि ग्रिपेनला चालणारे इंधन दुसरीकडून आणावे लागणार आहे. मोहिमेची गोपनीय माहिती ज्या संगणकीय जाळ्यावरून फिरत होती, त्यातही स्वीडिश पथकाला सुरुवातीला पूर्ण प्रवेश नव्हता, कारण तो देश सदस्य नव्हता. अडचणी दूर झाल्या, ग्रिपेनने काढलेल्या छायाचित्रांचे पुढे कौतुकही झाले. पण सतरा वर्षांच्या सरावांनी जे उघड केले नव्हते, ते खऱ्या मोहिमेच्या पहिल्या काही दिवसांनी उघड केले.

स्वीडन आणि फिनलंड यांनी अशा अनुभवांतून पुढची पावले टाकली. सप्टेंबर २०१४ मध्ये दोघांनीही नाटोबरोबर यजमान राष्ट्र म्हणून साहाय्य देण्याचा सामंजस्य करार केला. मित्रसैन्य आपल्या भूमीवर आले, तर बंदरे, धावपट्ट्या, इंधन आणि निवास यांची व्यवस्था कशी होईल, हे त्यात ठरले. त्याच वर्षी वेल्समधील शिखर परिषदेत सुरू झालेल्या योजनेत हे दोन्ही देश, ऑस्ट्रेलिया, जॉर्जिया आणि जॉर्डन यांना अधिक जवळच्या भागीदारांचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये युक्रेनही त्यात आला. फिनलंडने १८ मे २०२२ रोजी सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि ४ एप्रिल २०२३ रोजी तो सदस्य झाला, म्हणजे अकरा महिन्यांच्या आत. स्वीडनला ७ मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले, पण तो विलंब तुर्कस्तान आणि हंगेरी यांच्या राजकीय आक्षेपांमुळे झाला. लष्करी तयारीच्या बाबतीत कोणी बोट ठेवावे, अशी जागाच उरली नव्हती.

आपण कारखान्यात काम केले आहे, म्हणून दारूगोळ्याचा मुद्दाही सांगतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या तोफखान्यात मुख्यतः सोव्हिएत परंपरेतील १५२ मिलिमीटरच्या तोफा होत्या. त्यांचे गोळे जगात शोधून शोधून आणावे लागत आणि ते संपत चालले, तेव्हा युद्ध चालू असतानाच १५५ मिलिमीटरच्या पाश्चात्त्य तोफांकडे वळावे लागले. त्यासाठी नवे प्रशिक्षण, नवे सुटे भाग आणि नव्या दुरुस्ती कार्यशाळा लागल्या. व्यास जुळला म्हणजे सगळे जुळले असेही नसते; एका कारखान्याचा गोळा दुसऱ्या देशाच्या तोफेसाठी तपासून प्रमाणित झालेला असावा लागतो, माऱ्याची कोष्टके तयार असावी लागतात. शांततेच्या काळात हे काम कंटाळवाणे आणि खर्चिक वाटते, पण ते लांबणीवर टाकल्याची किंमत अखेर आघाडीवरचा सैनिक मोजतो. ज्या देशांनी हमी नसतानाही हा खर्च केला, त्यांनी शहाणपणाचेच काम केले, असे माझे ठाम मत आहे.

या सहकार्याची आणखी एक बाजू आहे. भागीदारीच्या चौकटीतील विश्वस्त निधीतून जुनी, धोकादायक युद्धसामग्री नष्ट करण्याची कामे होतात. अल्बानिया भागीदार असताना तेथील सुमारे १६ लाख भूसुरुंग याच मार्गाने नष्ट करण्यात आले. त्या सुरुंगांनी पुढे किती शेतकऱ्यांचे आणि मुलांचे पाय गेले असते, याचा हिशेब कोणत्याही संरक्षण अंदाजपत्रकात दिसणार नाही.

प्रश्न : स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड हे देश स्वतःला तटस्थ म्हणवतात. मग ते एका लष्करी संघटनेचे भागीदार कसे? हा दुटप्पीपणा नव्हे का? (एक वाचक)

मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. तटस्थतेचा कायदेशीर अर्थ मर्यादित आहे : युद्धात कोणाची बाजू न घेणे आणि त्यासाठी शांततेच्या काळात लष्करी युतीत सामील न होणे. भागीदारीत परस्पर संरक्षणाची बांधिलकी नसल्यामुळे ती या अटीचा भंग करीत नाही. शिवाय प्रत्येक भागीदार कोणत्या कामात भाग घ्यायचा ते स्वतः निवडतो. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये, स्वित्झर्लंड १९९६ मध्ये आणि आयर्लंड १९९९ मध्ये ‘शांततेसाठी भागीदारी’त सामील झाले. स्वित्झर्लंडने हा निर्णय संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व घेण्याच्या सहा वर्षे आधी घेतला होता, ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. कोसोव्होतील नाटोच्या नेतृत्वाखालील शांतता दलात १९९९ पासून स्विस तुकडी काम करीत आली आहे आणि ऑस्ट्रियाचे सैनिकही तेथे मोठ्या संख्येने राहिले आहेत. या दलाला सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा आधार आहे.

तरी अंतर्गत मतभेद असतातच. माल्टा १९९५ मध्ये भागीदार झाला, १९९६ मध्ये सत्तांतरानंतर बाहेर पडला आणि २००८ मध्ये परत आला. सर्बियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९९९ मध्ये नाटोच्या बाँबवर्षावाला सामोरा गेलेला हा देश डिसेंबर २००६ मध्ये भागीदार झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपली लष्करी तटस्थता जाहीर केली. तेथील जनमत नाटोविषयी अजूनही कटू आहे, पण कोसोव्होतील शांतता दलाशी दैनंदिन संपर्क ठेवल्यावाचून सर्बियाला कोसोव्होत राहणाऱ्या सर्ब लोकांची सुरक्षितता सांभाळता येत नाही. अशा ठिकाणी भागीदारी ही मैत्रीची खूण नसून गरजेची व्यवस्था असते.

प्रश्न : भागीदारीचा खरा हेतू पहिल्यापासून रशियाला घेरणे हाच नव्हता का? (एक प्राध्यापक)

पहिल्यापासून होता, असे कागदपत्रे आणि घटनाक्रम सांगत नाहीत. रशिया स्वतः जून १९९४ मध्ये या कार्यक्रमात सामील झाला होता. १९९६ पासून बोस्नियात रशियाची एक ब्रिगेड अमेरिकी सेनापतीच्या विभागात, अमेरिकी सैनिकांच्या शेजारी गस्त घालत होती. मे १९९७ मध्ये उभयपक्षी संबंधांचा मूलभूत दस्तऐवज झाला, २००२ मध्ये नाटो-रशिया परिषद स्थापन झाली. व्यावहारिक सहकार्य थांबले ते एप्रिल २०१४ मध्ये, युक्रेनचा क्रिमिया प्रदेश रशियाने विलीन करून घेतल्यानंतर.

मात्र आपल्या शंकेत तथ्य नाही असेही म्हणणार नाही. १९९४ मध्ये पूर्व युरोपातील देशांना ही भागीदारी सदस्यत्वाची प्रतीक्षागृहे वाटत होती, तर मॉस्कोला तो सदस्यत्वाला दिलेला पर्याय वाटत होता. वॉशिंग्टनने दोघांनाही आपापला अर्थ लावू दिला. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक सदस्य झाले, त्याच वर्षी कोसोव्होचे युद्ध झाले, आणि मॉस्कोने लावलेला अर्थ निकालात निघाला. यातून रशियाच्या पुढील आक्रमणाचे समर्थन होत नाही. शेजाऱ्याने कोणाशी सहकार्य करावे हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही मोठ्या देशाला नाही. पण एकच योजना दोघांना दोन प्रकारे समजावून सांगण्याचे परिणाम काही वर्षांनी भोगावे लागतात, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न : २००८ मध्ये युक्रेन आणि जॉर्जियाला सदस्यत्वाचे आश्वासन देणे ही चूक होती का? (याच आशयाची पत्रे सर्वाधिक आली.)

बुखारेस्टच्या शिखर परिषदेत, एप्रिल २००८ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना या दोन्ही देशांना सदस्यत्व कृती आराखड्यात, म्हणजे सदस्यत्वाच्या तयारीच्या औपचारिक कार्यक्रमात, घ्यायचे होते. जर्मनी आणि फ्रान्स यांचा त्याला विरोध होता. तडजोड अशी निघाली की, आराखड्यात प्रवेश तर द्यायचा नाही, पण घोषणापत्रात ‘हे देश नाटोचे सदस्य होतील’ असे नि:संदिग्ध वाक्य घालायचे. केव्हा, आणि मधल्या काळात त्यांच्या संरक्षणाचे काय, याविषयी एक अक्षरही नव्हते.

माझ्या मते चूक या तडजोडीच्या स्वरूपात होती. सदस्यत्व देण्याची तयारी असती, तर त्याची वाट आणि मधल्या काळातील संरक्षण ठरवायला हवे होते. तयारी नसती, तर भागीदारी कसून वाढवावी आणि भविष्याविषयी मौन पाळावे, हेही प्रामाणिकपणाचे झाले असते. प्रत्यक्षात मॉस्कोला चिथावणी वाटेल इतके बोलले गेले आणि कीव्ह किंवा तिबिलिसीचे रक्षण होईल असे काहीच केले गेले नाही. चार महिन्यांनी जॉर्जियात युद्ध झाले. नाटोच्या मोहिमेत, अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात, जॉर्जियाच्या सैनिकांनी पुढे जो रक्ताचा मोबदला दिला, तो या आश्वासनावरील विश्वासापोटीच दिला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

युक्रेनची वाटही सरळ नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. २०१० मध्ये त्या देशाने कायद्याने गटनिरपेक्ष स्थान स्वीकारले होते. ते डिसेंबर २०१४ मध्ये, क्रिमिया गमावल्यानंतर, रद्द झाले आणि २०१९ मध्ये सदस्यत्वाचे ध्येय थेट राज्यघटनेत लिहिले गेले. म्हणजे २०१४ चे आक्रमण झाले तेव्हा युक्रेन अधिकृतपणे कोणत्याही युतीच्या बाहेर राहणारा देश होता. बाहेर राहिल्याने सुरक्षितता मिळते, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी या तारखांचा विचार करावा.

त्यानंतर नाटोने काही प्रमाणात धडा घेतलेला दिसतो. जुलै २०२३ मध्ये व्हिल्नियस येथे कृती आराखड्याची अट काढून टाकली गेली आणि जुन्या नाटो-युक्रेन आयोगाच्या जागी नाटो-युक्रेन परिषद आली, जिच्यात युक्रेन सदस्यांच्या बरोबरीने बसतो आणि तातडीची बैठक बोलावू शकतो. निमंत्रण मात्र ‘सदस्यांचे एकमत होईल आणि अटी पूर्ण होतील तेव्हा’ मिळेल, असे ठरले. जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथे युक्रेनची वाटचाल माघारी न फिरणारी असल्याचे म्हटले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जर्मनीतील वीसबाडेन येथे प्रशिक्षण आणि शस्त्रपुरवठ्याच्या समन्वयासाठी नाटोचे स्वतंत्र मुख्यालय उभारण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनसह अनेक देशांनी युक्रेनशी द्विपक्षीय सुरक्षा करारही केले. हे करार पाचव्या कलमाची जागा घेऊ शकत नाहीत. पण कोण किती वर्षे काय देणार, हे त्यांत लिहिलेले आहे, आणि बुखारेस्टच्या त्या एका वाक्यापेक्षा मी त्यांना अधिक मोल देईन.

प्रश्न : पाकिस्तान ‘नाटोबाहेरील प्रमुख मित्रराष्ट्र’ आहे, म्हणजे तो नाटोचा भागीदार आहे का? (एक वाचक)

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नाटोबाहेरील प्रमुख मित्रराष्ट्र’ हा दर्जा अमेरिका आपल्या देशांतर्गत कायद्याखाली देते. नाटोचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळे शस्त्रखरेदी आणि संशोधन सहकार्यात काही सवलती मिळतात, संरक्षणाची हमी मिळत नाही. पाकिस्तानला तो २००४ मध्ये मिळाला. याखेरीज नाटोच्या ‘जगभरातील भागीदार’ या यादीतही पाकिस्तानचे नाव आहे, ते मुख्यतः अफगाणिस्तानातील मोहिमेच्या रसद मार्गांमुळे.

प्रश्न : जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे नेते आता नाटोच्या शिखर परिषदांना जातात. नाटो आशियात येत आहे का? (एक शिक्षिका)

या चौघांचे शासनप्रमुख जून २०२२ मध्ये माद्रिदच्या शिखर परिषदेला प्रथमच एकत्र उपस्थित राहिले. पण ते सदस्य होऊ शकत नाहीत, कारण कराराचे दहावे कलम नव्या सदस्यत्वासाठी केवळ युरोपीय देशांनाच निमंत्रण देण्याची मुभा देते. पाचव्या कलमाची भौगोलिक मर्यादाही सहाव्या कलमाने आखून दिली आहे, इतकी की अमेरिकेचे हवाई हे राज्यसुद्धा तिच्या बाहेर पडते. त्या देशांचे संरक्षण अमेरिकेशी असलेल्या त्यांच्या स्वतंत्र संबंधांवर अवलंबून आहे : दक्षिण कोरियाचा १९५३ चा करार, जपानचा १९६० चा करार, ऑस्ट्रेलियासाठी १९५१ चा अँझस करार.

नाटोबरोबर त्यांचे जे चालते ते सायबर संरक्षण, नवे तंत्रज्ञान, माहितीची देवाणघेवाण आणि आता विशेषत्वाने शस्त्रनिर्मिती या क्षेत्रांत. एस्टोनियातील तालिन येथे नाटोची मान्यता असलेल्या सायबर संरक्षण केंद्रात दक्षिण कोरिया आणि जपान २०२२ मध्ये दाखल झाले. दक्षिण कोरियाच्या के-९ या १५५ मिलिमीटरच्या, वाहनावर बसवलेल्या तोफा नॉर्वे, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी घेतल्या आहेत. २०२३ मध्ये टोकियोत नाटोचे संपर्क कार्यालय उघडण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. संघटनेने आपल्या भौगोलिक क्षेत्राबाहेर पाय पसरू नयेत, या भूमिकेतून फ्रान्सने त्याला विरोध केला आणि ते कार्यालय झाले नाही. बत्तीस सदस्यांच्या संघटनेत प्रत्येक निर्णय एकमताने घ्यावा लागत असल्यामुळे, आशियातील या सहकार्याचा वेगही पॅरिस, बुडापेस्ट किंवा अंकारा यांच्या संमतीवरच ठरणार आहे.